आधी बाकावर विचार

कोणी वही घेऊन टेबलापाशी आलं, की आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाई वहीकडे बघतच नसत. हातातला खडू खाली ठेवायच्या, मुलाला खांद्याला धरून हलकेच मागे वळवायच्या आणि म्हणायच्या, "आधी बाकावर विचार. तिथे कोणालाच येत नसेल तर सगळे मिळून या."

भांडुपच्या चढावरची आमची शाळा मराठी माध्यमाची. मी मराठी शिकवायचो. त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून, मधली भिंत पातळ. माझ्या कविता त्यांच्या गोंगाटात बुडायच्या. एकदा मी तक्रार केली, तर शांतपणे म्हणाल्या, "सर, गणित गप्प बसून येतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

त्यांच्या वर्गात बाकं समोरासमोर फिरवलेली असत. चार जणांचा एक गट. गटातलं कोण उठून फळ्यावर गणित सोडवणार, ते बाई आयत्या वेळी ठरवायच्या. त्यामुळे ज्याला येतं त्याला, ज्याला येत नाही त्याची काळजी लागलेली असे. तपासणीच्या दिवशी मुख्याध्यापक बाकं सरळ करून घेत. तपासणीचे साहेब गेले, की ती पुन्हा फिरत.

नववीत संपदा नावाची हुशार मुलगी होती. तिच्या गटात प्राजक्ता होती, जिला गणिताची धास्ती होती. संपदाचे वडील साकीनाक्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर. एके दिवशी ते तावातावाने आले आणि मालवणीतच सुरू झाले.

"बाई, माझा चेडू हंय शिकूक येता, दुसऱ्यांक शिकवूक नाय. तेचा बाक बदला."

बाईही वेंगुर्ल्याकडच्या. म्हणाल्या, "मगे एक तास बसान बघा."

तास संपल्यावर बाईंनीच मला हे सगळं सांगितलं. वडील मुलीच्या मागच्या बाकावर बसले. संपदा समीकरण समजावत होती आणि प्राजक्ताने मध्येच विचारलं, की बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की अधिकचं वजा का होतं? संपदा म्हणाली, तसा नियम आहे. "पण का गं?" संपदा अडली. तिने वडिलांकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे. मग चौघी खाडाखोड करत बसल्या आणि शेवटी संपदालाच सापडलं, की पलीकडे काही जातच नाही. दोन्ही बाजूंतून तेवढंच वजा होतं.

निघताना वडील एवढंच म्हणाले, "मार्क कमी पडले तर?"

"तर मला बोला. पण आज तिला जे कळलं, ते प्राजक्ताने विचारलं म्हणून."

बाक बदलायची गोष्ट वडिलांनी पुन्हा काढली नाही.

हीच मुलं दहावीत गेली आणि दिवाळीनंतर बाईंचा आवाज बसला. आम्ही थट्टा करत राहिलो, एवढं बोलल्यावर दुसरं काय होणार. निघालं ते गळ्याचं ऑपरेशन. बदली शिक्षक येतील म्हणून सांगण्यात आलं. ते आले नाहीत. गणिताचे तास मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातले. माझं गणित शाळा सुटली तेव्हाच सुटलेलं. मी निबंध तपासत खुर्चीवर बसायचो.

पहिल्याच दिवशी संपदा म्हणाली, "सर, आमची तर वाट लागली."

मला बाईंचं एकच वाक्य येत होतं, तेच म्हटलं. मुलांनी निमूट बाकं फिरवली. सगळा वर्ग अडला, तर मी गणिताचा फोटो काढून बाईंना पाठवायचो. गणिताचं उत्तर कधीच यायचं नाही. यायचं ते एवढंच : दुसरी ओळ पुन्हा बघा, सगळे मिळून.

मार्चच्या परीक्षेत प्राजक्ता पास झाली, संपदाचे मार्कही कमी पडले नाहीत. पण मला आठवतो तो जानेवारीतला एक तास.

फळ्यापाशी प्राजक्ता आणि संपदा भूमितीच्या एका सिद्धतेवरून भांडत होत्या, आणि वर्ग दोघींच्या बाजूंनी वाटला गेला होता. माझं दाराकडे लक्ष गेलं. बाई उभ्या होत्या, गळ्याला ओढणी गुंडाळलेली. मी उठायला लागलो, तर त्यांनी हातानेच बसा म्हटलं. प्राजक्ताने संपदाची एक ओळ पुसून तिथे स्वतःची लिहिली. संपदा ती वाचत राहिली, मग मान हलवून बाजूला झाली. बाईंनी ते पाहिलं आणि त्या वळल्या.

मी जिन्यापर्यंत गेलो. त्यांनी हातातला कागद दाखवला. ऑफिसात दिलेल्या राजीनाम्याची प्रत होती. आवाज परत येणार नव्हता. आता त्या वेंगुर्ल्याला असतात.

परत येऊन मी वर्गाला सांगितलं, बाई येऊन गेल्या. अख्खा वर्ग धडाधड जिना उतरून फाटकाशी गेला. त्यांची रिक्षा उतारावरून नुकतीच वळली होती.