डाव्या कोपऱ्यातला चेहरा

बाळादादा गेल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी “हो का” एवढंच म्हणाले. सख्ख्या मामाच्या मुलाबद्दल असं कोणी बोलत नाही... त्या फोनला आता दीड महिना होईल.

बाळादादा सिनेमाची पोस्टरं रंगवायचा. लहानपणी सुट्टीत मी मामाकडे पार्ल्याला गेले की तो मला फिरायला न्यायचा आणि भिंतींवरची पोस्टरं वाचायला शिकवायचा. “सुने, बघ. हिरोचं तोंड सगळ्यात मोठं, ते वर. हिरॉईन त्याच्या खांद्याशी, जरा जास्तच गोरी. आई मधे, छोटी, रडकी. आणि खाली डाव्या कोपऱ्यात निळं-हिरवं तोंड दिसलं की तो व्हिलन. त्याच्या बाजूला सिगारेट ओढणारी बाई. तिकीट काढायच्या आधीच कळलं पाहिजे ना, कोणाला शिव्या घालायच्यात!” मला तो जगातला सगळ्यात हुशार माणूस वाटायचा.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मुलुंडच्या एका शाळेत शिकवत होते, नोकरीत कायम व्हायला दोन महिने उरले होते. भाऊबिजेला पार्ल्याला गेले तर दादाने मला गच्चीवर उभं केलं. “मान तिरकी कर. डोळे अर्धे मीट. उजेडाचा सराव करतोय गं.” त्याने फोटो काढला, मग खाली येऊन मी त्याला ओवाळलं.

महिनाभराने सातवीतली एक मुलगी वर्गाबाहेर म्हणाली, “बाई, थिएटरवर तुमचं चित्र लागलंय.” शाळा सुटल्यावर बघायला गेले. मारधाडीचा कुठला तरी सिनेमा होता. डाव्या कोपऱ्यात, व्हिलनच्या बाजूला, निळ्या-हिरव्या रंगात मी होते. उघडे खांदे, ओठांत सिगारेट. मामाच्याच जिन्यावरून पडल्याचा हनुवटीवरचा व्रणसुद्धा त्याने सोडला नव्हता.

तशीच पार्ल्याला गेले. दादा म्हणाला, “अगं, वाट लागली होती. निर्मात्याने त्या बाईचा फोटोच पाठवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी छपाई. तुझा फोटो समोर होता. त्या कोपऱ्यात कोण बघतं?”

“तूच शिकवलंस ना मला तिथे बघायला?”

तो ब्रश पुसायला लागला. मी म्हटलं, “उद्या अकराला शाळेत ये. मुख्याध्यापिकाबाईंच्या कानावर हे जाणारच. त्यांना सांग, मला न विचारता तू केलंस म्हणून.”

“येतो गं. शप्पथ येतो.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसबाहेरच्या बाकावर बसले. अकरा वाजले, मधली सुट्टी झाली, मुलं डबे खाऊन परत वर्गात गेली... बाईंनी दोनदा दार उघडून विचारलं, “तुमचे बंधू?” तिसऱ्यांदा विचारलं नाही. मला कायम केलं नाही. दुसरी शाळा मिळायला दोन वर्षं गेली. दादाने नंतर मामीकडून निरोप पाठवला, गवगवा झाला असता तर निर्मात्याने पुढचं काम दिलं नसतं. चित्राचं मी कदाचित विसरले असते. तो बाक नाही विसरले.

त्यानंतर भाऊबिजेला मी गेले नाही. लग्नकार्यात भेटलो की तो “कशी आहेस सुने?” विचारायचा, मी “बरी” म्हणायचे. माफी त्याने कधी मागितली नाही.

तेराव्याला मात्र गेले. तिथे त्याच्यासोबत काम केलेले एक म्हातारे पेंटर मला निरखत म्हणाले, “तुम्ही त्यांची बहीण ना? ते चित्र आम्हा सगळ्यांना दाखवायचे. म्हणायचे, ही माझी बहीण, एवढा जिवंत चेहरा पुन्हा जमला नाही.” म्हणजे सगळ्यांना सांगत होता! फक्त ज्यांना सांगायला हवं होतं, त्या एका मुख्याध्यापिकाबाईंसमोर उभं राहायची हिंमत त्याला झाली नाही. माझ्या हातातला द्रोण मी तसाच खाली ठेवला.

निघताना वहिनीने मला मागच्या खोलीत नेलं. तिथे तो रंगवत बसायचा. काम संपलं की रंग कालवायच्या सुरीवरचा उरलेला रंग तो खिडकीशेजारच्या भिंतीला पुसायचा. इतक्या वर्षांचे थर साचून भिंतीला बोटभर जाडीचं टेंगूळ आलं होतं. वहिनी म्हणाली, “खोली भाड्याने द्यायचीय. हे खरवडून घेऊ, की राहू दे? तूच सांग.”

मी अंगठ्याने दाबून पाहिलं. वरची साल फुटली... आतला रंग अजून ओला होता.

“खरवडून घे,” मी म्हटलं, आणि पदराला अंगठा पुसत बाहेर आले.