माझ्या डोक्याचा फोटो

माझं डोकं रिकामं आहे, यावर आमच्या घरात कधीच दुमत नव्हतं. काळजी सुरू झाली ती मी नुसता बसायला लागलो तेव्हा.

तीस वर्षं भिवंडीत कापडाचे लूम चालवले. दिवाळीनंतर कारखाना बंद पडला आणि मी खिडकीत बसू लागलो. बायको, म्हणजे सुमन, स्वयंपाकघरातून ओरडायची, "अवो, गॅस बंद करा!" मी हूं की चूं नाही. दूध उतू गेलं, भात करपला. ती भलतीच घाबरली. तिच्या वडिलांनी शेवटी शेवटी तिलाच विचारलं होतं, "बाई, तुम्ही कोण?" त्यामुळे रोज सकाळी माझी परीक्षा!

"सांगा, मी कोण हाय?"

"सासूबाईंची मुलगी." (उत्तर बरोबर. तरी मार्क कापले!)

शेवटी डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. मला त्या नळकांड्यात सरकवून मशीनवाला म्हणाला, "चाचा, हिलना मत. कुछ सोचना मत." आणि मशीन सुरू झालं. खट् खट् खट् खट्! लोक म्हणे या आवाजाला घाबरतात. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! किती महिन्यांनी कानावर ओळखीचा आवाज! लागली की डुलकी.

तेवढ्यात आवाज बदलला. लूमवाल्याचा कान हो माझा! आवाज बदलला म्हणजे धागा तुटला. मी लूम थांबवायला हात घातला.

"चाचा, हिलो मत!"

"अरे धागा टूटा है! बंद कर!"

बाहेर सुमनने हे ऐकलं आणि हंबरडाच फोडला, "गेलं गं बाई, यांचं डोकं गेलं!" फोटो तीनदा काढावा लागला.

डॉक्टर मात्र हसले. "काकू, डोकं ठणठणीत आहे. माणूस नुसता बसला तरी मेंदू बसत नाही. मागचं, पुढचं, स्वतःचंच काहीबाही चघळत राहतो."

रिक्षात तिने माझा हात घट्ट धरला. "काय चघळत होता एवढं?"

"लूम गेले. आता घरात माझा उपयोग काय, हेच."

"उपयोग?" तिचे डोळे भरून आले. "मला ओळखता ना? मला तेवढा पुरे हाय."

नाक्यावर ट्रकांमागे रिक्षा अडकली, तरी आम्ही हात धरून बसलेलो. आणि एकदम तिने हात सोडला.

"थांबा! डोकं चांगलं, कानबी चांगले. मग माझ्या हाका..."

"यायच्या ऐकू," मी बोलून गेलो.

डोकं ठणठणीत निघाल्याचा पस्तावा झालेला अख्ख्या भिवंडीत मी एकटाच असेन!