तीन बाजार पाहणारे मामा

पहिल्याच दुकानातून वस्तू घेऊन घरी येणारा माणूस आमच्या मामांच्या लेखी एक तर वेडा, नाही तर नवरदेव. देऊळघाटला त्यांचा भाजीचा मळा होता. मिठापासून बैलापर्यंत काहीही घ्यायचं झालं, की मामा तीन बाजार पाहणार. एका कंदिलासाठी ते बुलढाणा, मलकापूर, खामगाव फिरले आणि शेवटी बुलढाण्याचाच घेऊन आले. तोवर घरचे अंधारात जेवत होते. मामी कुरकुरली तर म्हणाले, "अंधारात घास का नाकात गेला तुया?" बैलबाजारात तर ते राजेच. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि तो त्या दोघांतच राहतो. मामांना ही सवय इतकी जडली होती, की पाहुण्याला अजून किती भाकरी वाढायच्या हेही ते उपरण्याखालीच विचारत.

त्यांची इंदू सातवी पास झाली आणि म्हणाली, "मले नर्स व्हाचं हाय." मामीनं वडनेर भोलजीचं स्थळ पाहून ठेवलेलं. तिनं सांगून टाकलं, "यंदा कुठं भरती झाली त झाली. नाहीतं येत्या लगनसराईत उजवून टाकू पोरीले." अशा घाईत दुसरा बाप मिळेल त्या दवाखान्यात मुलगी घालून मोकळा झाला असता. मामा मला म्हणाले, "पाह्य बे, बैलासाठी तीन बजार पाह्यतो मी. पोरीसाठी एकच पाहू काय?" घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला मी, नुकताच बी.ए. झालेलो. कुठं कोणती परीक्षा घेतात, याची चौकशी माझ्याकडे आली आणि मी ती छाती काढून केली.

पहिली परीक्षा अकोल्याची. एक पान वाचायला दिलं, नाव-गाव विचारलं, आणि आलेल्या साऱ्या पोरी पास. इंदू हरखली. मामांचा चेहरा उतरला. "सारेच बैल पसंत करनारं गिऱ्हाईक पाह्यलं काय बे तू कधी?" म्हणत त्यांनी तिला परत आणली. दुसरी एका मिशनच्या दवाखान्यात. तिथं शुद्धलेखन, त्रैराशिक, सगळं कडक. इंदू तिथंही पास! मामा म्हणाले, "बसवून पारख केली. चालवून कुठं पाह्यलं?" तीही जागा गेली. इंदू रडली. मामी कडाडली, "आता तुमीच घाला थो नर्सचा टोपा!" मी विचारलं, "मामा, आता नागपूर तेवढं उरलं. त्यांनी नाही म्हटलं तर?" बाजारात कधी न चुकवलेली नजर मामांनी माझ्यापासून चुकवली.

नागपूरच्या दवाखान्यात लेखी आटोपल्यावर गोऱ्या मॅट्रनबाईंनी प्रत्येक मुलीच्या हाती काठोकाठ पाणी भरलेलं तामचिनीचं भांडं दिलं आणि जिना चढून-उतरून यायला सांगितलं. मामा ताडकन उठले. "हे पाह्य! चालवून पाहून राह्यली बाई!" सारं अंगण हसलं. पण इंदूच्या भांड्यातलं पाणी शेवटच्या पायरीवर सांडलं, आणि मामांचा धीर सुटला. एवढ्या गर्दीतून किती पोरी घेणार, हे विचारायला हवं. पण दहा बापांसमोर भाव कसा विचारायचा? ते सरळ मॅट्रनबाईंपुढं गेले आणि उपरण्याखाली झाकलेला हात पुढं केला.

"दर्द किधर है?" बाईंनी विचारलं.

"दर्द नाई बाई, भाव! किती पोरी घेनार?"

बाईंना भाव कळला नाही. त्यांनी उपरणं ओढलं. खाली विळ्यानं कापलेला अंगठा, मळकट चिंधीत गुंडाळलेला, सुजून टम्म. "कौन बाँधेगी?" त्यांनी मुलींकडे पाहिलं. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. इंदू पुढं झाली. तीच कितीतरी दिवस त्या अंगठ्याच्या मागं लागली होती. पण तीन वैद्य पाहिल्याशिवाय मामा कोणाला हात लावू देईनात. तिनं चिंधी सोडवली, गरम पाण्यानं जखम धुतली. मामा हात ओढू लागले तशी म्हणाली, "बाबा, गप बसा. इथं दुसरा बजार नाही."

मॅट्रनबाई खदखदून हसल्या. पट्टीची गाठ त्यांनी ओढून पाहिली आणि इंदूच्या खांद्यावर हात ठेवून तिला आत नेलं. आमची इंदू भरती झाली! मलकापूरपर्यंतच्या गाडीत मामांनी तो पांढराशुभ्र अंगठा झेंड्यासारखा उभा धरला होता. गावात घरोघर दाखवला. वडनेर भोलजीचे पाहुणे आले, त्यांनाही चहाआधी अंगठाच दाखवला. मामी चुलीपाशी हसत होती, पदराआड.

पुढं इंदू मोठी सिस्टर झाली, आणि शेवटच्या दुखण्यात मामा तिच्याच वॉर्डात होते. दुसरा दवाखाना पाहू म्हणून ते एकदाही बोलले नाहीत. एका सकाळी ती नाडी पाहायला बसली, तेव्हा त्यांनी उशाचं उपरणं ओढून दोघांच्या हातांवर टाकलं आणि तिची बोटं दाबली. बराच वेळ दाबत होते. मी नंतर तिला विचारलं, "काय आकडा सांगितला गं मामांनी?"

इंदूनं उपरण्याची घडी केली. म्हणाली, "रुमालाखालचं कोनी सांगते काय, दादा?"