पदरातली जाऊबाई

इंझोरीच्या गोजराबाईला माणूस ओळखायची एकच रीत ठाऊक. गावात नवी सून आली, की तोंड पाहायच्या आधी विचारायची, "माहेर कोणतं वं तुयं?" पावसाळ्यात भुईतून निघणाऱ्या अळंबीच्या छत्र्यांनाही तिने तीच रीत लावली होती, बरं का! खायच्या सात्या गावातल्या चार बाया ओळखतात. पण बोटाच्या पेराएवढ्या, न खायच्या, पोटाखाली बारीक पात्या असलेल्या छत्र्यांकडे पाहतो कोण? गोजराबाई पाहायची, तीही उकिडवी बसून.

यंदा श्रावणात नात वैभवी वाशीमच्या कॉलेजातून काम घेऊन आली. अशा बारीक छत्र्यांच्या दहा जाती जमवायच्या होत्या. नऊ झाल्या आणि दहावीवर गाडी अडली. आजीने एक आणून नववीच्या शेजारी ठेवली. दोन्ही राखी, घंटीसारख्या, सुतासारख्या देठाच्या.

"आजी, या दोन्ही एकच हायेत. मॅडम हासतीन मले."

"एक कायच्या? हे शेनातली, हे सडक्या लाकडातली. जावा-जावा हायेत त्या. एका रंगाचं लुगडं नेसल्या म्हणून माहेर एक होते का?"

"मॅडमले माहेर चालत नाई, पुरावा लागते."

पुरावा म्हणजे पात्यांतून झडणारी पूड. देठ खुडून टोपी सपाटीवर ठेवायची, वर वाटी झाकायची. पुडीचा रंग निराळा, तर जात निराळी. कागद सर्दावलेले होते, म्हणून गोजराबाईने घरातली जुनी काळी पाटी काढली.

दुपारी वाट्या उचलल्या. लाकडातलीने रांगोळीसारखं पांढरं चक्र काढलं होतं. शेणातलीच्या जागी पाटी कोरीच!

"पाह्य! हिनं काईच नाई देलं. राह्यलो आपण नऊवर," वैभवी रडकुंडीला आली.

गोजराबाई ओशाळली. पाटी हाती आली की पदराने पुसायची, ही जुनी खोड. तिने विटून पांढरा झालेला पदर त्या बाजूवर फिरवला, आणि पदर काजळासारखा काळा!

"आजी, थांब! काळ्यावर काळं कसं दिसन वं आपल्याले?"

वैभवीने धावत जाऊन शेणातली दुसरी ताजी छत्री आणली, तिची टोपी पदराच्याच कोऱ्या भागावर ठेवली, वर वाटी घातली. "आता हालू नको."

तासाभराने शेजारच्या कमलीबाईने कुडाबाहेरून हाक मारली, "गोजरा, चाय प्याले ये वं!"

"कशी येऊ? माह्या पदरात जाऊबाई बसली हाये!"

चहा तिथेच आला. दोन कप झाल्यावर वैभवीने वाटी उचलली. पदरावर काळंभोर चक्र उमटलं होतं. तिने वहीत दहावा आकडा टाकला आणि पुढे लिहिलं: माहेर, शेण.