थुवालच्या खाडीवरची आगोट

इराकची फौज कुवेतमध्ये शिरली, त्या वर्षी थंडीच्या तोंडावर कफीलचा, म्हणजे माझ्या सौदी मालकाचा, फोन आला. या हिवाळ्यात समुद्रावर कुणी येणार नाही, तेव्हा थुवालजवळचं खाडीवरचं घर बंद कर, होड्या वर काढ. शेवटी म्हणाला, "काम खलास झालं की तुझं बघू."

त्या 'बघू'ने माझी भूकच गेली. सातवीत शाळा सोडलेला मी. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, त्याच्या हातात, आणि गावी धाकटे दोघे भाऊ माझ्या जिवावर शिकत होते. बंद घराला रखवालदार कशाला लागतो?

घरावर आम्ही दोघंच होतो. स्वयंपाकाला मामू, श्रीवर्धनकडचे. नात्याने माझे कुणी नव्हेत, पण दोन दिवसांत मामू झाले ते कायमचे. त्यांनी परत जायचं पक्कं केलं होतं.

"तूही चल गपगुमान. रेडिओ ऐकतोस ना?"

"बॉम्ब पडले तर तिकडे पूर्वेला, कुवेतकडे पडतील, मामू. आपण इथे तांबड्या समुद्रावर."

"हो, तुला विचारूनच टाकणार आहेत!"

मी हसलो आणि कामाला लागलो. मनात एकच होतं, घर असं बंद करायचं की कफीलला वाटावं, हा माणूस सोडण्यासारखा नाही. गाद्या भिंतीला उभ्या केल्या. फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. इंजिनांतून गोडं पाणी फिरवलं, खार उरू नये म्हणून. फायबरच्या दोन्ही होड्या शेडमध्ये पालथ्या घातल्या.

उरली लाकडी होडी, कफीलच्या मरहूम वडिलांची. तिला हात लावला आणि गावची आगोट आठवली. पावसाच्या आधी आमच्याकडे होड्या लांब वर ओढून ओंडक्यांवर ठेवतात, पाणी साचू नये म्हणून तळाचं बूच काढतात, वरून नारळाच्या झापांनी शाकारतात. मी अगदी तसंच केलं. झावळ्या तेवढ्या खजुराच्या. हात आपोआप चालत होते. इथे आल्यापासून प्रत्येक काम कुणाला तरी विचारून शिकलो होतो, हे एक न विचारता येत होतं. फार बरं वाटलं.

तीनेक आठवड्यांनी मामूंनी त्या होडीपाशी उभं राहून हाक मारली. "अरे इकडे ये! हिच्यातून मला पलीकडचा समुद्र दिसतोय."

फळ्या वाळून आकसल्या होत्या. फटींत बोट जाईल अशी गत.

"पाऊस कुठला इथे? आपल्याकडे चार महिने हवाच पाणी पाजते लाकडाला. इथे वाळवंटाचा वारा. तू हिला शाकारली नाहीस बाबा, सुकटासारखी वाळत घातलीस!"

शुक्रवारी नमाजानंतर कफील आला. घर बघून मान हलवली, मग होडीपाशी गेला. एका फटीवरून बोट फिरवत राहिला. मी मनातल्या मनात कपडे बॅगेत भरायला लागलो होतो.

"बादली आण," तो म्हणाला.

मला वाटलं, हात धुणार. त्याने झब्बा वर खोचला, बूच लावलं आणि बादली होडीत ओतली. सगळं पाणी खालून वाहून गेलं. तो चक्क हसला. "अब्बांच्या वेळीही एकदा असंच झालं होतं. मग ते आत ओली पोती पसरायचे आणि रोज पाणी मारायचे. लाकूड फुगतं, फटी भरून येतात."

"किती दिवस मारायचं?"

"ती परत पाण्यात जाईपर्यंत. या लढाईचं कुणी सांगावं?" मग माझ्याकडे वळला. "घरी जायचं असेल तर तिकीट काढून देतो. राहतोस?"

आजवर त्याने मला कामं सांगितली होती, असं कधी विचारलं नव्हतं. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते समोर उभं होतं, आणि त्याच क्षणी मला बॉम्बची पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर नोकरीच्या काळजीने तिला जागाच दिली नव्हती. नाही म्हणायची मोकळीक मिळाली तशी ती आत शिरली. मामू डोळ्यांनी 'नाही म्हण, नाही म्हण' करत होते.

मी हो म्हटलं. ते विचारणं मी अजून विसरलेलो नाही.

"खुदा तुला अक्कल देवो," मामू पुटपुटले, आणि दुसरी बादली भरायला गेले.