जास्त पडलेले सात गुण

आपल्याला गुण जास्त पडले, ते कसे पडले ते सांगा, असा अर्ज परीक्षा मंडळाकडे करणारा माणूस आजवर या भूतलावर एकच झाला आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. गुण कमी पडले म्हणून भांडणारे गल्लोगल्ली सापडतात. पण वैनगंगेच्या काठी राहून मासे धरणाऱ्या आणि पावसाळ्यात धान लावणाऱ्या या बावन्न वर्षांच्या गृहस्थाला आयुष्यभर एकच प्रश्न छळत आला आहे: चांगलं झालं ते कसं झालं? वाईटाची चौकशी सगळेच करतात. मामांचं म्हणणं असं की वाईटाला कारण लागत नाही, ते येतच असतं. चांगलं मात्र कोणीतरी केल्याशिवाय होत नाही. ताप उतरला तर लोक डॉक्टरला हात जोडून घरी जातात, मामा मात्र तो नेमका कोणत्या गोळीनं उतरला ते विचारत दवाखान्यात बसून राहतात. एकदा गावची एसटी वेळेवर आली, तर मामांनी चढायच्या आधी कंडक्टरकडे खुलासा मागितला आणि त्या खुलाशापायी गाडीला उशीर झाला. मुलीकडच्यांनी त्यांना पहिल्याच भेटीत पसंत केलं, तेव्हा आठ दिवसांनी हे पुन्हा त्यांच्या दारात हजर, माझ्यात तुम्हाला काय आवडलं ते कळावं म्हणून. मामी म्हणतात की त्या दिवशी लग्न मोडता मोडता राहिलं.

त्यांच्या गावात नदीवर धरलेल्या मासळीचे वाळूत सारखे वाटे मांडतात. एकानं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं वाट्यावर बोट ठेवून ‘हा कोनाचा?’ विचारायचं, आणि पाठमोऱ्यानं तोंडाला येईल ते नाव घ्यायचं. ज्याला जे आलं ते त्याचं, मग तक्रार नाही. एकदा मामांच्या वाट्यात चुकून एक मोठी मरळ जास्त आली. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. मामा ती मरळ हातात धरून दुपारपर्यंत घरोघर फिरले. गावकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की ही आपली म्हटलं तर आधी पुरावा द्यावा लागेल, म्हणून कोणी हो म्हणेना. शेवटी ती कोणाच्याच खाण्यालायक उरली नाही.

अशा माणसानं दहावीला बसावं ही मूळ कल्पना मच्छीमार संस्थेची. संस्थेची सगळी कामं वर्षानुवर्षं मामाच करत होते, पण सचिव व्हायचं तर दहावी पास पाहिजे असं कोणीतरी नियमात दाखवलं. मामांनी बाहेरून अर्ज भरला. बाकीचे विषय निघाले, गणितानं मात्र दोनदा लोळवलं. मामी पहाटे उठवून अभ्यासाला बसवत आणि मामा ‘क्ष’ म्हणजे नक्की कोण, इथंच अडून राहत. तिसऱ्या वेळी पेपर देऊन आले तेव्हा त्यांनी स्वतःच हिशेब करून सांगितलं, एकतीस पडतील, पास व्हायला चार कमी. निकाल लागला आणि पडले अडतीस.

गावानं हार घातले, मामी पेढे वाटायला निघाल्या. मामांनी त्यांना दारात अडवलं आणि मला चंद्रपूरला फोन केला.

“जावईबापू, पेपर मीच सोडवला ना? मंग मले मालूम नाई का किती आले? हे सात कोनाचे होत? कोन्या पोराच्या वाट्यातून माह्याकडं आले असन तर तो तिकडं नापास होऊन बसला असन.”

मी म्हटलं, वाढीव दिले असतील. पण लगेच माझ्याच लक्षात आलं की दया दाखवून फार तर पस्तीसपर्यंत नेतात, कोणी अडतीसवर नेऊन सोडत नाही. मामांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. ते शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन आले होते आणि त्यांच्या अर्जाचा विषय होता, ‘गणितात गुण जास्त मिळाल्याबाबत’. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि असा प्रकार आपल्या नोकरीत प्रथमच पाहतो आहोत असं प्रांजळपणे सांगितलं. मग त्यांनी समजावलं की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुढं फेरतपासणीही करता येते, पण त्यात गुण घटूही शकतात. घटले तर तुम्ही नापास. मामा म्हणाले, त्याचसाठी तर आलो.

महिनाभरात सचिव नेमायचा होता. मामा नापास झाले असते तर जागा ज्याला मिळणार होती, त्याला जाळं कोणत्या बाजूनं टाकतात हेही ठाऊक नव्हतं. संस्थेचे लोक विनवण्या करून थकले. मामींनी चार दिवस अबोला धरला. मामा सचिवाच्या खुर्चीशेजारी सतरंजीवर बसून काम करत आणि कोणी वर बसा म्हटलं की माझा निकाल अजून लागायचा आहे म्हणत. मीही त्यांना वेड्यात काढलं, पण फॉर्म भरून दिला.

छायाप्रत माझ्या ई-मेलवर आली. ती छापून घेऊन मी रविवारी गावी गेलो. ओसरीवर बसून मामांनी एकेक पान बोटानं वाचायला सुरुवात केली आणि सातव्या पानावर थांबले. गणित नावेचं होतं, प्रवाहाबरोबर जाण्याचा आणि उलट येण्याचा वेग देऊन नावेचा आणि पाण्याचा वेग काढायचा. क्ष आणि य मानून समीकरणं मांडायची, हे मलाही आठवत होतं. मामांनी क्षला हातच लावला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, खाली जाताना नदी ढकलते, वर येताना तेवढंच अडवते. म्हणून दोन्ही वेग मिळवा आणि अर्धे करा, तो नावेचा स्वतःचा. त्याच्यावर जे राहिलं ते नदीचं. पुस्तकासारखं नाही म्हणून मामांनी स्वतःच्या हिशेबात हे शून्यात धरलं होतं. पण प्रत्येक ओळीपुढं लाल शाईची बारीक खूण होती आणि खाली पूर्ण चार गुण. पुढच्या पानावर सावलीवरून झाडाची उंची काढायची होती. तिथं मामांनी त्रिकोणाऐवजी सागाचं झाड आणि काठी घेतलेला माणूस काढला होता, आणि तेही शून्यातच धरलं होतं. त्यालाही ओळीओळीला खूण, आणि तीन. चार आणि तीन सात.

“या मास्तरानं पुरं वाचलं, जावईबापू,” मामा म्हणाले. “मधातून सोडलं नाई.”

नंतर त्यांनी विचारलं, तपासणाऱ्या मास्तराचं नाव कळायला कोणता फॉर्म भरायचा. मी सांगितलं की ते नाव गुप्त असतं, असा फॉर्म नाही. मामा लाल खुणांवरून बोट फिरवत बसले. उद्या ते खुर्चीवर बसणार होते, पण त्या आनंदाचा चेहऱ्यावर पत्ता नव्हता. मला भयंकर लाज वाटली. पंधरा वर्षं मी या घरचा जावई आहे, आणि या माणसाचं एकही म्हणणं मी शेवटपर्यंत ऐकून घेतलेलं नाही. कुठल्याशा गावच्या, न पाहिलेल्या मास्तरानं ते ऐकून घेतलं होतं.

मी म्हटलं, “मामा, हे नावेचं मला नीट सांगा बरं.”

त्यांनी माझ्याकडं निरखून पाहिलं. “येळ आहे का तुमच्यापाशी?”

“आहे.”

मग मामा सरसावून बसले. तासाभरानं मामी चहा घेऊन आल्या, तेव्हा नाव अजून काठालाच बांधलेली होती.