ताईंच्या पोटातला गोळा

तिच्या पायाला भिंगरी होती, म्हणून पोरांनी तिचं नावच ‘भिंगरी मॅडम’ ठेवलं होतं. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. मेडिकल कॉलेजात ती वैद्यकशास्त्र शिकवायची. शिकवताना फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, मध्येच मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्याच्या डोक्यात टप्पल, असा तिचा फेरा चालायचा. चहा उभ्यानं, पेपर तपासणं उभ्यानं, नवऱ्याशी भांडणसुद्धा जिना उतरता उतरता. नवरा शाळेत गणित शिकवणारा, गार डोक्याचा माणूस. तो लोकांना सांगायचा, “आमची ही घरी असते ना, पण फक्त येता-जाता.”

अशा बाईला साठीच्या उंबरठ्यावर संगणकासमोर बसून कृत्रिम बुद्धिमत्ता शिकायची वेळ आली. वरून हुकूमच सुटला, की शिकवायलाही वापरा आणि संशोधनालाही वापरा, ज्याला जमणार नाही त्यानं तसं सांगावं. आता ‘जमत नाही’ हे दोन शब्द भिंगरीच्या तोंडून कुणी ऐकले होते? घरी येऊन तिनं पर्स सोफ्यावर फेकली आणि तणतणली, “आयुष्यभर माणसांच्या नाड्या धरल्या, आता डब्याची धरा!”

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला तिची नणंद बसली होती. नवऱ्याची थोरली बहीण, सगळ्यांच्या ताई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, भावाच्या घरी राहणाऱ्या. स्वभावानं अतिशय भित्र्या. दाराची बेल दोनदा वाजली की त्या पोटावर हात ठेवून म्हणणार, “बाई गं, पोटात गोळाच आला माझ्या!” भाचीला, म्हणजे भिंगरीच्या लेकीला, यायला उशीर झाला, गोळा. बँकेचं पत्र आलं, गोळा. भाऊ तर हवामानखात्यासारखा जाहीर करायचा, “ताईच्या पोटात गोळा आलाय, आज कुणीतरी पाहुणा येणार!” सगळे हसायचे, ताईही हसायच्या. त्या दिवशीही पर्स आपटल्यावर त्या दचकल्या आणि त्यांनी पोट धरलं. भिंगरीनं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

ही सगळी गोष्ट ‘गोळा’ या एका शब्दाची आहे. त्याच्यापायी घरातलं माणूस हातचं जायची वेळ आली, आणि घरात डॉक्टर असताना आली, म्हणून सांगायची.

तर भिंगरीनं काम हातात घेतलं ते मोठं धाडसाचं. पेशंट आपलं दुखणं आपल्या बोलीत सांगतात आणि नव्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, ही तिची जुनी तक्रार. पुस्तकातली लक्षणं तोंडपाठ, आणि समोरची म्हातारी ‘अंगात कसकस आहे’ म्हणाली की हे एकमेकांच्या तोंडाकडं बघणार. तेव्हा तिनं ठरवलं, ओपीडीतली शेकडो माणसांची वाक्यं त्यांच्या परवानगीनं, नावगाव काढून गोळा करायची, आणि यंत्राकडून त्यांची वाटणी करून घ्यायची. हे शरीराचं दुखणं, याची तपासणी करा. ही मनाची घालमेल, याला धीर द्या. यंत्र नीट तयार झालं की नव्या सत्रापासून पोरं त्याच्यासमोर बसून सराव करणार होती.

पहिल्या दिवशी यंत्रानं जो काही गोंधळ घातला, त्याला तोड नाही. ‘पोटात कावळे ओरडतायत’ म्हणणारा भुकेला माणूस त्यानं मानसोपचाराकडं धाडला, कारण नसलेले आवाज ऐकू येतात. ‘पोरगा माझं डोकं खातो’ म्हणणारी आई मारहाणीत घातली. ‘ऐकून हातपाय गळाले’ हे वाक्य गेलं अपघात विभागात. शेजारच्या खोलीतला सर्जन, भिंगरीचा कॉलेजपासूनचा मित्र, खुर्चीवर हसून हसून लोळला. “पाठव, पाठव माझ्याकडं,” तो म्हणाला. “गळालेले हातपाय बरोबर घेऊन यायला सांग फक्त!”

भिंगरी इरेला पेटली. यंत्राला सूचना लिहिल्या, की बाबा रे, आमची माणसं आडून बोलतात, शब्दाला शब्द धरू नकोस, अर्थ बघ. मग उदाहरणं द्यायला बसली. बसली म्हणजे काय, एक गुडघा खुर्चीवर, एक पाय जमिनीवर. जीव टांगणीला लागणं, काळजाचं पाणी होणं, तोंडचं पाणी पळणं, धाबं दणाणणं. आणि ‘पोटात गोळा येणं’. त्याची उदाहरणं आठवायला तिला डोकं खाजवावं लागलं नाही. ताईंची दहा-बारा वाक्यं होती तशी तिनं उतरवली, अगदी त्या सकाळी डबा भरताना कानावर पडलेलंसुद्धा, आणि प्रत्येकापुढं लिहिलं, भीती. भीती. भीती. मनात म्हणाली, चला, ताईंचा गोळा एकदाचा विज्ञानाच्या कामी आला.

यंत्र शिकलं, आणि काय शिकलं! आठवडाभरात अशी वाटणी करायला लागलं, की जुन्याजाणत्या डॉक्टरानं मान डोलवावी. भिंगरीला तर आपलं पोर वर्गात पहिलं आल्यासारखं झालं. जो भेटेल त्याला धरून दाखवायची.

आणि एका दुपारी सर्जन हसत नव्हता. हातातला कागद तिच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, “हे वाक्य तुझ्या यंत्रानं कुठं टाकलंय बघ.”

वाक्य होतं, ‘पोटात डावीकडं गोळा येतो, दाबलं की लागतो.’ पुढं लिहिलं होतं, भीती. धीर द्या.

“या माणसाचं मी गेल्या महिन्यात पोट उघडलं,” सर्जन म्हणाला. “एवढा गोळा होता. माझ्याकडं आला म्हणून वाचला. तुझ्याकडच्या पोरानं त्याला धीर देऊन घरी पाठवला असता.”

“यंत्र चुकलं,” भिंगरी पटकन बोलून गेली.

“यंत्राला शिकवलं कुणी?”

तिच्या अंगाची लाही लाही झाली. पण वेळ कुठं होता? सत्र तोंडावर आलेलं, आणि ही पोरं उद्या हेच घोकून पेशंटच्या उशाशी उभी राहणार. तिनं दोघांना बाहेर काढलं, सर्जनला आणि स्वतःच्या रागाला, आणि सूचना पुन्हा लिहिल्या. गोळा म्हणजे दर वेळी भीती नव्हे. माणूस जागा सांगत असेल, उजवीकडं, डावीकडं, बेंबीखाली. जेवणाशी संबंध सांगत असेल. हाताला लागतो म्हणत असेल, तर ते शरीराचं समज, मग तो कितीही घाबरट वाटो. सगळी वाक्यं पहिल्यापासून पुन्हा वाट.

यंत्रानं वाटली. सर्जनचा माणूस बरोबर जागी गेला, त्याच्यासारखे आणखी काही गेले. भिंगरीनं सुस्कारा सोडला आणि उठायला लागली, तर खाली आणखी काही ओळी उमटल्या.

‘तुम्ही भीतीचा नमुना म्हणून दिलेल्या उदाहरणांतलं एक वाक्य नव्या सूचनेप्रमाणे भीतीत बसत नाही: “जेवलं की उजवीकडं गोळा येतो बाई, घरात एकटी असले की जास्तच जाणवतो.” यात जागा आहे आणि जेवणाशी संबंध आहे. मी निदान करत नाही. पण ही खरी व्यक्ती असेल, तर तिची तपासणी झाली आहे का?’

“शहाणाच आहेस,” भिंगरी मोठ्यानं म्हणाली. “अरे, आमच्या ताई आहेत त्या! त्यांना मांजर आडवं आलं तरी गोळा येतो.”

तिनं तसं लिहायला बोटं उचलली. ही व्यक्ती स्वभावानं भित्री आहे, उदाहरण बदलू नये. अर्धं लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. मग पडदा तसाच ठेवून वर्गावर गेली.

वर्गात तिचा विषय होता यकृत. ती फळ्यापासून खिडकीपर्यंत गेली, खिडकीपासून दारापर्यंत गेली, आणि डोक्यात सगळा वेळ ताई. त्या सकाळी ताई हे वाक्य बोलल्या तेव्हा हात कुठं होता? पोटावर. पोटावर कुठं? नेहमी मधे असायचा ना? आठवेना. कानांनी वाक्य जसंच्या तसं टिपलं, अगदी ‘बाई’सकट, आणि डोळ्यांनी मान वर करून बघितलं नाही! ‘एकटी असले की’ एवढं ऐकलं आणि निकाल लावून मोकळी. अहो, एकटं असताना माणसाला आपल्या पोटाकडं लक्ष द्यायला सवड होते, एवढं साधं ते. मग ताटात उरलेलं अन्न आठवलं. ‘नको गं, भरल्यासारखं वाटतं.’ मग आठवलं, ताईंनी स्वतःच्या कपड्यांना टाचण्या लावून ते कमरेत आत घेतले होते, आणि आपण जाता जाता म्हणालो होतो, वा ताई, बारीक झालात, दृष्ट लागेल!

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाहीये का?”

मॅडम फळ्यासमोर उभी होती, खडू हातात. पोरांनी तिला असं एका जागी कधी पाहिलंच नव्हतं. “उरलेलं वाचून या,” ती म्हणाली आणि निघाली.

रस्त्यात तिनं स्वतःला शंभर शिव्या घातल्या आणि एकशे एकावी राखून ठेवली, कारण अजून आशा होती. काही नसेलही. आतड्यात वारा धरला असेल. मागं एकदा तपासलं होतं की आपण, काही नव्हतं. पण ते कधी? लेक शाळेत होती तेव्हा. त्यानंतर एकदाही नाही! दुसऱ्या कुणाच्या घरच्यानं हे सांगितलं असतं, तर त्याला तिनं उभाआडवा सोलून काढला असता. सिग्नलला थांबणं तिला सोसेना. लाल दिवा असतानाच ती पलीकडं गेली, एक स्कूटरवाला ओरडला, आणि तिला वाटलं, ओरड बाबा, अजून ओरड.

घरी ताई आतल्या खोलीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. भाऊ शाळेतून येऊन बाहेर पेपर वाचत बसला होता. भिंगरी चपला न काढता आत आली.

“अगं बाई, तू आत्ता कशी?” ताई दचकल्या. “काय झालं? पोटात गो...”

“ताई, आडव्या व्हा.”

“आत्ता? घड्या तरी होऊ देत.”

“राहू देत हो त्या घड्या. झोपा. मला तुमचं पोट बघायचंय.”

ताईंनी तिच्याकडं पाहिलं. भावजयीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. निमूटपणे त्या कपड्यांच्या ढिगाशेजारी आडव्या झाल्या, गुडघे वर घेतले. भिंगरीनं तळवे एकमेकांवर चोळून ऊन केले. पोरांना ती हेच शिकवायची, आधी हात ऊन करा, दुखत नाही तिथून सुरुवात करा, आणि बोटांपेक्षा पेशंटच्या चेहऱ्याकडं बघा. ती पलंगाच्या कडेला बसली. डावीकडून सुरुवात केली. मऊ. वर, मऊ. बेंबीभोवती, मऊ. तिचा हात उजवीकडं सरकायला तयार होईना.

“इथं गं,” ताईंनीच तिचा हात धरून खाली नेला. “इथं येतो.”

तो तिथं होता. लिंबाएवढा, घट्ट, बोटाखाली न सरकणारा. हजारो पोटांवरून फिरलेल्या हाताला दुसऱ्यांदा चाचपायची गरज नव्हती, तरी तिनं पुन्हा चाचपलं, आणि पुन्हा.

ताई तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या. “लागतोय ना?”

काय बोलायचं असतं अशा वेळी, तेही ती पोरांना शिकवायची. ते सगळं तिनं बाजूला ठेवलं. “लागतोय, ताई,” ती म्हणाली. “उद्या सकाळी माझ्याबरोबर यायचं. पोटाचा फोटो काढू, रक्त बघू. सर्जन आपला घरचाच आहे. मी आहे. मी कुठं जाणार नाही.”

आता या घाबरतील, हातपाय गाळतील, अशी तिची खात्री. तिनं त्यांचा हात घट्ट धरूनसुद्धा ठेवला. पण ताईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. डोळ्यांत पाणी आलं आणि त्या चक्क हसल्या.

“म्हणजे आहे ना तिथं काहीतरी? खरंच आहे ना?” त्या म्हणाल्या. “मी रोज चाचपून बघायची गं. मला वाटायला लागलं होतं, मलाच वेड लागलंय. सांगायचं कुणाला? सांगितलं की सगळे हसायचे.”

भिंगरीला मान वर करता येईना. ताई कोपरावर रेलून उठल्या आणि बक्षीस लागल्यासारख्या आनंदानं बाहेर हाक मारली, “अरे, ऐकलंस का? माझ्या पोटात गोळा आहे! हिच्या हाताला लागला!”

बाहेर पेपर खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि भाऊ हसत हसत आत आला.